पूर्णविराम कोणी नेले

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुबोध मुद्रणालय उघडलं, तेव्हा त्यात एकही पूर्णविराम शिल्लक नव्हता.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन होतं. शाईचे डबे होते. भिंतीवरचं घड्याळ होतं आणि ते नेहमीसारखंच बंद होतं. गल्ल्याला कोणी हात लावलेला नव्हता, कारण त्यात लावण्यासारखं काही नसे. लाकडी केसमध्ये अ पासून ज्ञ पर्यंतची मंडळी आपापल्या खान्यात पडून होती. फक्त पूर्णविरामाचा खाना रिकामा होता, आणि त्याच्या शेजारचा स्वल्पविरामाचाही. तळाशी थोडी धूळ आणि एक झुरळ. तेही मेलेलं.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. नागपूरच्या इतवारीत तेव्हा छपाई म्हणजे शिशाचं एकेक अक्षर चिमटीने उचलायचं, ओळ लावायची, पान बांधायचं आणि मशीनवर चढवायचं. पूर्णविराम ही तेव्हा वजन असलेली वस्तू होती. ती सांडायची, झिजायची, चपलेत अडकून घरी यायची. ती चोरीलाही जाते, हे मात्र त्या सकाळी प्रथमच कळलं.

मी तिथे प्रुफं तपासत असे. माझं नाव वामनराव. दुसऱ्याची चूक शोधून समासात खूण करायची आणि पुढे काय होतं ते हताशपणे पाहत बसायचं, असा माझा व्यवसाय.

रिकामा खाना पहिल्यांदा पाहिला तो बळीरामने. बळीराम म्हणजे प्रेसचा जुना कंपोझिटर, अक्षरं जुळवणारा. दसऱ्याला गावी, भिवापूरला गेला होता. परत आला तो मिरच्यांची पिशवी घेऊन. ती खुंटीला अडकवून त्याने केस उघडली आणि तसाच उभा राहिला.

"भैयाजी," तो म्हणाला, "टिंब नाई ना जी एकही."

भैयाजी म्हणजे मालक. निदान बाहेरच्या पाटीवर तरी तसंच लिहिलेलं होतं. प्रेस सासऱ्यांचा, इमारत सासूबाईंची, आणि भैयाजी नरखेडहून आलेले घरजावई. सासरे वारले. सासूबाई तुळसाबाई माडीवर राहत, आणि प्रेसमध्ये कोणी जोरात शिंकलं तरी वरून "कोण हाय रे?" असा आवाज येई.

"नाई म्हंजे?" भैयाजींनी खान्यात बोट फिरवलं. बोटाला झुरळ लागलं. "मले आजच पाह्यजेत! मॅडमचं पुस्तक आजपासून लावायचं हाय!"

मॅडम म्हणजे चारुलताबाई, मुलींच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. सोपं आणि स्वच्छ मराठी कसं लिहावं यावर त्यांनी एक पुस्तक केलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते चार शाळांत लागणार होतं. त्यातला पहिला धडा पूर्णविरामावर होता.

"चावी कोणाकडं राह्यते?" भैयाजींनी विचारलं.

"एक तुमच्याकडं, एक माह्याकडं," बळीराम म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं.

"शिसं हाय ते. मोडीत चांगला भाव येते."

बळीरामने मिरच्यांची पिशवी खुंटीवरून काढली आणि परत अडकवली. काय करावं हे न सुचलेला माणूस असंच काहीतरी करतो.

"मी टाईप इकीन जी?"

"मी कुठी म्हटलं तू इकले? मी म्हटलं भाव येते." भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. "वामनराव, तुमाले कागदावर गेलेला अनुस्वार सापडते. हे पाहा काय सापडते का. शनिवारपर्यंत सापडलं तर ठीक. नाई तर बळीराम, शनिवारी तुह्या हिशोब करून टाकतो."

टाईप, म्हणजे ही शिशाची अक्षरं, विकल्याचा आळ आलेल्या कंपोझिटरला इतवारीतल्या दुसऱ्या कुठल्याही प्रेसमध्ये केसला हात लावू देत नाहीत. हे बळीरामला ठाऊक होतं, भैयाजींना ठाऊक होतं आणि मलाही. मी निघताना नेहमीप्रमाणे दाराजवळच्या सरस्वतीला डोकं टेकवलं आणि मनात म्हटलं, बाई, आता तूच बघ.

तिने बघितलं असतं तर पुढचा सगळा त्रास वाचला असता.

२

पूर्णविराम नाहीत म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही. त्याच दुपारी एक गृहस्थ वडिलांच्या तेराव्याची पत्रिका घेऊन आले. प्रेसमध्ये आता दोनच चिन्हं उरली होती, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह. भैयाजी म्हणाले, चालवा.

बळीरामने मुकाट्याने पत्रिका लावली. प्रूफ माझ्याकडे आलं. "आमचे तीर्थरूप दीर्घ आजाराने वारले! घरचे सर्व दुःखात आहेत! तरी सहकुटुंब जेवायला यावे!"

मी समासात खूण केली. बळीरामने तिथे दुसरं चिन्ह घातलं. "आमचे तीर्थरूप वारले? तरी जेवायला यावे?"

"यात संशय दिसतो," मी म्हटलं.

"मंग पहिलंच ठेवा," गृहस्थ म्हणाले. "आमाले आनंद तर आनंद."

बळीराम हसला नाही. मी त्याच्याजवळ स्टुलावर बसलो. तपासाची सुरुवात गोड बोलून करावी असं ऐकलं होतं.

"बळीराम, गावी जायच्या आधी खाना भरलेला होता?"

"काठोकाठ. मी सोता पाह्यला. मॅडमच्या पुस्तकासाठी वेगळे राखून ठेवले होते ना मी."

"आणखी काही कमी आहे?"

"एकाचे आकडे नाईत. पण ते चोरीले नाई गेले, ते क्यालेंडरात हायेत." त्याने भिंतीलगत रचलेल्या बांधीव पानांकडे बोट केलं. "पुढल्या सालचं क्यालेंडर मी दसऱ्याच्या आधीच बांधून ठेवलं. एक, दहा, अकरा, बारा, अन् एकोणीसशे तर प्रत्येक पानावर. सारे एक त्यातच गुतले. खान्यात एकही एक नाई."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि लगेच विसरलो. आकड्यांची चोरी झालेली नव्हती. मला आकड्यांशी काय करायचं होतं?

"गावी जाऊन काय केलं?"

"काय केलं म्हंजे? सोनं वाटलं. मिरच्या आणल्या." मग तो हळूच म्हणाला, "वामनराव, तुमाले वाटते का मी नेले म्हनून?"

"नाही वाटत."

"मंग तसं त्यायले सांगा ना."

"सांगून कोणी ऐकत नाही. दाखवावं लागतं."

"काय दाखवसान?"

मी वहीचं पान उलटलं. एवढ्यात मागच्या खोलीतून पाण्यात काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मशीनवाल्या ओमप्रकाशचं ओरडणं ऐकू आलं, "अरे, मत आओ इधर! मत आओ!"

३

ओमप्रकाश हौदाशी उकिडवा बसला होता. समोर मासेमारीचं जाळं. ते तो माझ्यापासून लपवू पाहत होता, आणि जाळं ही लपवायला भलतीच अवघड वस्तू आहे.

हा मूळचा जबलपूरकडचा. दर रविवारी फुटाळा तलावावर जाळं टाकायचा. जाळ्याच्या काठाला शिशाची वजनं बांधतात, हे मलाही माहीत होतं.  गुन्हेगार आणि मी यांच्यामध्ये फक्त एक ओला धागा होता.

"दाखव."

"क्या दिखाऊं साब? घर का मामला है."

मी जाळं ओढलं. काठाला ओळीने वजनं बांधलेली होती. सायकलचे नट, जुनी कुलपं, आणि मधोमध भैयाजींच्या बंद घड्याळाचा लंबक.

"घडी तो वैसे भी बंद होती," ओमप्रकाश खाली मान घालून म्हणाला. "लंबक क्या काम का?"

घड्याळ इतकी वर्षं बंद का होतं, ते कळलं. नको असलेलं रहस्य सुटलं, हवं असलेलं तसंच राहिलं. माझ्या तपासाची चाल पुढेही अशीच राहिली.

"सुट्टीत प्रेसमध्ये कोण आलं होतं?"

"मैं तो नहीं. नवमी को अम्माजी नीचे उतरी होंगी, मशीन की पूजा करने. हर साल करती हैं." त्याने लंबक पुसत म्हटलं, "मैं समझा, इस साल सरस्वती बनेगीच नहीं. हर साल बळीराम भाऊ बनाते थे, एक-एक जोड के. इस बार वो गाव चले गये. पर आके देखा, तो पहले से भी अच्छी बनी है!"

खंडेनवमीला प्रेसची अवजारं पुजायची ही तिथली रीत. शाळेत पोरं पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात. बळीराम तीच सरस्वती दर वर्षी शिशाच्या एकांची मांडायचा आणि दुसऱ्या दिवशी मोडून आकडे परत खान्यात टाकायचा. यंदाची दाराजवळच पाटावर होती. तिच्यावर हळद, कुंकू, झेंडू आणि आपट्याच्या पानांचा एवढा ढीग होता की देवीपेक्षा पूजाच जास्त दिसायची.

मी ओमप्रकाशला लंबक परत लावायला सांगितलं. त्याने लावला. घड्याळ चालू झालं आणि भलतीच वेळ दाखवायला लागलं. भैयाजींनी ते परत बंद करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी माडी चढलो. खरं म्हणजे चढायची माझी छाती होत नव्हती. तुळसाबाई झोपाळ्यावर बसून वाती वळत होत्या.

"ये गा वामन. तूच चोर पकडून राह्यला म्हने?"

"प्रयत्न चालू आहे, बाई."

"कालपासून सारे पूर्णविराम पूर्णविराम करून राहिले. मोठी वस्तू हाय का?"

"नाही. अगदी लहान."

"मंग लहान वस्तूसाठी त्या गरिबाले काहून हैराण करता? बळीराम चोरी करनारा नाई. तो नव्हता तर मले एकटीले सारं करा लागलं नवमीले. डोळ्यानं दिसत नाई, गुडघे दुखतेत, तरी केलं. पण देवी कशी पावली पाह्य! दसऱ्यापासून तीन लग्नाच्या पत्रिका आल्या. मी ठरवलं हाय, पुढच्या दसऱ्यापर्यंत तिले हलवाचं नाई. रोज माह्या हातानं तेल लावतो मी तिले."

"चांगलं आहे," मी म्हटलं.

मी आजही विचार करतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात नेमकं काय होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर चहा. तुळसाबाईंनी चहा विचारला नव्हता.

४

शुक्रवारी चारुलताबाई स्वतः आल्या. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काळी छत्री. पाऊस संपला होता तरी छत्री होतीच. ती पावसासाठी नसावी.

"माझं प्रूफ?"

भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बळीरामकडे पाहिलं. बळीरामने रिकाम्या खान्याकडे पाहिलं.

"मॅडम," भैयाजी म्हणाले, "काही अपरिहार्य कारणास्तव छपाईच्या कामात थोडा विलंब होण्याची शक्यता निर्माण झालेली आहे."

"हे तुम्ही बोललात की एखाद्या कचेरीने?" बाईंनी छत्री टेकवली. "भैयाजी, माझ्या पुस्तकाचा तिसरा धडा हाच आहे. जे झालं ते सरळ सांगा. कोणी केलं ते आधी सांगा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा आणि थांबा. बोला."

भैयाजींनी रिकाम्या खान्याकडे बोट केलं. "पूर्णविराम चोरीले गेले."

"कोणी चोरले?"

"तेच तर..."

"माहीत नाही, असं वाक्य संपवा. अर्धवट वाक्य म्हणजे अर्धी लबाडी."

"माहीत नाई."

"शाबास." बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही शोधताय. कोणाकोणावर संशय आहे?"

मी सांगितलं. बळीरामवर भैयाजींचा. ओमप्रकाशवर माझा होता, आता नाही. मग थोडं धैर्य करून म्हटलं, "थोडा तुमच्यावरही होता, बाई."

"माझ्यावर?"

"तुमची वाक्यं फार लहान असतात. दर चार शब्दांनी पूर्णविराम. मला वाटलं, तुमच्याच पुस्तकात सगळे संपले असतील."

"पुस्तक लावायला घेतलंय का?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच संशय सोडला."

बाईंनी मला चष्म्यावरून पाहिलं. शाळेत नापास होणाऱ्या मुलींना त्या असंच पाहत असतील. "तुम्ही सगळ्यांना, काय गेलं, असं विचारता. इथे आलं काय, ते कोणाला विचारलंत? वस्तू हवेत विरत नाही. एका ठिकाणी कमी झाली तर दुसऱ्या ठिकाणी वाढली असणार." त्या दाराकडे निघाल्या, थांबल्या, आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहू लागल्या. "वामनराव, तुम्हाला कांजिण्या आल्यात का?"

"नाही बाई."

"मग कपाळ धुऊन घ्या," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

५

कपाळ धुवायचं राहून गेलं. सायकल मारत प्रतापनगरला घरी आलो. तेव्हा तिकडे घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते, त्यामुळे आमच्या घरातलं भांडण ऐकायला शेजारी नसत.

"ह्या उशीच्या खोळी पाहा!" माझी बायको गोपिका म्हणाली. तिने तीन खोळी माझ्यापुढे आपटल्या. "काल धुतल्या, आज पुन्हा काळ्या! कपाळाले काय लावून राहिले तुमी?"

"कुंकू असेल. प्रेसमध्ये देवीला डोकं टेकवतो."

"कुंकू काळं राह्यते का कधी?"

मी खोळ उजेडात धरली. तिच्यावर लहान लहान काळे ठिपके होते. सगळे एकाच मापाचे, गोल, नेटके. काही सरळ ओळीत, काही वळणावर. आणि कडेला शेपटी असलेले ठिपके. माझा आयुष्यभराचा शेजार होता त्यांच्याशी. ते ओळखायला मला चष्मा लागत नाही.

मी आरशापुढे गेलो. माझ्या कपाळावर तेच होते, थोडे पुसट.

मी खाली बसलो.

"काय झालं?" गोपिका घाबरली. "डॉक्टरले बोलावू का?"

"गोपिका, बळीरामच्या कपाळावर ठिपके होते. ओमप्रकाशच्याही. भैयाजींच्याही. मी पाहिले होते. प्रेसमध्ये शाई लागतेच म्हणून सोडून दिलं. पण शाई बोटाला लागते गं. कपाळाला कशी लागेल? कपाळ आम्ही एकाच ठिकाणी टेकवतो."

 मी पुढे बोलत सुटलो, कारण एकदा सुरू झाल्यावर थांबायला माझ्याकडेही पूर्णविराम उरला नव्हता. दर वर्षी देवी एकांची होते. यंदा सगळे एक कॅलेंडरात बांधलेले. बळीराम गावी. तरी देवी झाली, आणि पहिल्यापेक्षा चांगली झाली. एक नव्हते, तर झाली कशाची? तुळसाबाईंना वाचता येत नाही. पण ठिपक्यांची रांगोळी त्या उभ्या इतवारीत सगळ्यांत सुंदर काढतात. एकांचा खाना रिकामा दिसला. मग नुसत्या ठिपक्यांनी भरलेला एक खाना दिसला. त्यांना दुसरं काय सुचणार? आणि वरून रोज तेल लावतात. तेलाने वाळलेली शाई सुटते. आम्ही डोकं टेकवतो आणि छापून येतो.

"म्हंजे देवीनं नेले?" गोपिका म्हणाली.

"आणि आम्ही सगळे रोज तिच्यासमोर वाकून विचारत होतो, कोणी नेले म्हणून."

"मंग डोळे काहून नाई उघडले?"

"नमस्कार करताना कोण उघडतं?"

गोपिकाने खोळी उचलल्या. "चला, बळीराम सुटला एकदाचा."

मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. रहस्य उकललं की माणूस सुटतो, असा माझा तोवर समज होता.

६

शनिवारी सकाळी मी भैयाजींना एकट्याला गाठलं. दोन झेंडू बाजूला केले. पाटावर काळी माती थापली होती आणि मातीत खोचून, डोकी वर करून, सुबोध मुद्रणालयाचे सगळे पूर्णविराम उभे होते. देवीचं अंग पूर्णविरामांचं. तिच्या केसांच्या बटा आणि हंसाची पिसं स्वल्पविरामांची. खरं सांगतो, इतकं सुरेख काम त्या प्रेसमध्ये आधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

भैयाजींनी पाहिलं. मग त्यांनी ते झेंडू अगदी हळूच परत ठेवले, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसे.

"हे कोणाले सांगितलं?"

"फक्त आमच्या गोपिकाला."

"आता कोणाले सांगू नका."

"पण बळीराम..."

"वामनराव, मागच्या साली मी सासूबाईची तुळशीची कुंडी दोन हात सरकवली होती. मशीन आत न्यायची होती म्हनून. त्या जेवल्या नाई. अख्खी इतवारी माह्याशी बोलत नव्हती. न्हावी दाढी करेना माही!" त्यांनी वर माडीकडे पाहिलं. "अन् आता मी त्यायले सांगू, का तुमी देवीसाठी टाईप नेला अन् चोरी बळीरामवर आली? का, देवी मोडा? देवी मोडली अन् पत्रिका येनं थांबलं, तर?"

"नवे पूर्णविराम मागवा."

"पुन्याच्या टाईपवाल्यायले तार केली. त्यायचं उत्तर आलं, नंबर लागल्यावर पाठवू."

"मग बळीरामला निदान सांगा की तो चोर नाही."

"सांगतो ना. पण मंग तो विचारीन, कोण हाय? सारे विचारतीन." भैयाजी स्टुलावर बसले. "तो नाई हे मले आता माहीत हाय. तरी तो नाई हे मले सांगता येत नाई. असं कसं झालं बावा?"

मीही शेजारी बसलो. जगातली सगळी प्रुफं आयुष्यभर तपासून मी एवढंच शिकलो होतो, चूक कुठे आहे ते कळलं तरी दुरुस्त करणं दुसऱ्याच्याच हातात असतं.

"उंदरायनं नेले म्हनू," भैयाजी एकदम म्हणाले. "उंदीर काहीही नेते."

पायऱ्यांवर काठी वाजली.

"उंदरायवर आळ?" वरून तुळसाबाईंचा आवाज आला. "गणपतीचं वाहन हाय ते! माह्या घरात असं बोलायचं नाई!"

उंदीरही सुटले. प्रेसमध्ये दोषी ठरवायला आता कोणीच उरलं नव्हतं, बळीराम सोडून. आणि तो दारात उभा होता. त्याने मिरच्यांची पिशवी खुंटीवरून काढून काखेत घेतली होती, आणि या वेळी परत अडकवली नाही.

"शनिवार हाय जी," तो म्हणाला. "हिशोब करून टाका."

७

एवढ्यात छत्री टेकत चारुलताबाई आल्या. पाठोपाठ तुळसाबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. ओमप्रकाशनेही मशीन थांबवलं. एका खोलीत सगळे. रहस्यकथेत अशा वेळी तपास करणारा माणूस उठून उभा राहतो. मी बसूनच होतो.

भैयाजींनी खिशातून एक कागद काढला. रात्री बसून लिहिलेला दिसत होता.

"दाराले लावतो," ते म्हणाले, आणि वाचू लागले. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की प्रेसमधील काही साहित्य गहाळ झाल्याचे आढळून आले असून सदर प्रकरणाची चौकशी पूर्ण करण्यात आली आहे व कामगारवर्गापैकी कोणावरही..."

"थांबा," चारुलताबाई म्हणाल्या. "श्वास घ्या. कोणी नेलं?"

"मॅडम, आढळून आलं..."

"कोणाला आढळलं? कोणी नेलं? तुम्ही एवढं लांब लिहिलंत की माणूसच दिसेनासा झाला. असं लिहिलेलं वाचून लोक काय म्हणतील माहीत आहे? बळीरामला झाकायला लिहिलं. वाक्यात नाव नसलं की वाचणारा स्वतःच्या मनातलं नाव घालतो."

बळीरामने पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. "बरोबर बोलते बाई."

"हाव," तुळसाबाई म्हणाल्या. "नाव सांगा ना गा. कोणी नेले त्या पोराचे पूर्णविराम?"

 भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. बळीराम दाराकडे वळला. त्याचा पाय उंबऱ्यावर पडलेला मला दिसला, आणि पलीकडे इतवारीतल्या सगळ्या प्रेसची दारं मला बंद होताना दिसली.

"मी नेले," मी म्हणालो.

चार शब्दांपेक्षाही लहान वाक्य. त्यात कर्ता होता, आणि ते संपलंही होतं.

"तुमी?" बळीरामच्या हातून पिशवी पडली. मिरच्या सगळीकडे पसरल्या.

"मी. दसऱ्याच्या आधी घरी नेले. प्रूफ तपासताना मोजायला. कुठे ठेवले ते आता आठवत नाही. बळीरामने काहीही नेलेलं नाही."

ओमप्रकाश म्हणाला, "वाह, साब. मेरा लंबक पकडा, और खुद?"

तुळसाबाई जवळ आल्या आणि त्यांनी काठीचं टोक माझ्या पायावर टेकवलं. "लाज नाई वाटली गा वामन? त्या गरिबाले चार दिवस रडवलं! अन् वरून मलेच विचारायले आला माडीवर?"

"चुकलं, बाई."

चारुलताबाईंनी चष्मा सारखा केला. त्या माझ्या कपाळाकडे पाहत होत्या. मग भैयाजींच्या, मग ओमप्रकाशच्या. मग सावकाश वळून दाराजवळच्या देवीकडे त्यांनी पाहिलं, आणि तिथेच बराच वेळ नजर ठेवली. त्यांना जे कळायचं ते कळलं. आता छत्री उचलून सगळं सरळ सांगतील, कोणी केलं ते आधी, म्हणून मी डोळे मिटले.

"वाक्य स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या. "ते खरंच असलं पाहिजे, असं मी माझ्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही."

"अन् पुस्तकाचं काय मॅडम?" भैयाजींनी हळूच विचारलं.

बाईंनी तिथेच पेन्सिल काढली आणि हस्तलिखिताच्या पहिल्या पानाच्या वर एक ओळ लिहिली, "पुढील संपूर्ण पुस्तकात योग्य ठिकाणी विरामचिन्हे द्या". तिच्यापुढे पूर्णविराम नव्हता. पुस्तक तसंच छापलं गेलं आणि चार शाळांत लागलं. पोरींना वर्षभर तेवढंच काम पुरलं म्हणतात.

बळीराम प्रेसमध्येच राहिला. माझ्याशी मात्र वर्षभर बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं. चार दिवस रडवणाऱ्या माणसाशी कोण बोलेल? त्याला खरं सांगावं असं अनेकदा मनात आलं. पण खरं सांगितलं की देवी आली, आणि देवीपर्यंत जायची हिंमत आमच्यापैकी कोणात नव्हती.

तुळसाबाईंनी मला शिक्षा दिली. पुढच्या दसऱ्यापर्यंत रोज सकाळी त्यांच्यासमोर देवीपुढे वाकायचं, कपाळ टेकवायचं, आणि चोरी कबूल करायची. मी रोज गेलो. गोपिकाने मला वेगळी उशी दिली. त्या वर्षी सुबोध मुद्रणालयाने जेवढे म्हणून पूर्णविराम छापले, ते सगळे माझ्या कपाळावर छापले.